ड्रॉइंग जिथं काढलं जातं

नागावातून उत्तरेला गेलं की अलिबागच्या पुढे थळचा खत कारखाना लागतो. दक्षिणेला रेवदंड्याची खाडी ओलांडली की साळावचा स्पंज आयर्नचा प्रकल्प. थळला अमोनिया तयार होतो तो डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीच्या तंत्रानं, युरिया इटलीच्या स्नॅमप्रोगेत्तीच्या. साळावला विक्रम इस्पातनं कारखाना उभारला तेव्हा प्रक्रिया घेतली मेक्सिकोच्या एचवायएलची. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली माणसं अशा कारखान्यांत फिटर, वेल्डर, ऑपरेटर म्हणून लागली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. पंपाचा आवाज बदलला की कुठलं बेअरिंग जाणार, हे त्यांना नुसत्या कानानं कळतं. पण त्या यंत्रांचं मूळ ड्रॉइंग ज्या टेबलावर काढलं गेलं, त्या टेबलाशी बसून काम शिकण्याची संधी आपल्याकडच्या फार थोड्यांना मिळाली. यंत्र चालवणं आपण शिकलो, दुरुस्त करणंही शिकलो. ते असंच का आहे, भिंतीची जाडी एवढीच का धरली, हा व्हॉल्व्ह इथंच का बसवला, या प्रश्नांची उत्तरं मात्र समुद्रापलीकडे राहिली.

या लेखाचा विषय त्या टेबलापर्यंत पोचण्याची एक वाट हा आहे. अभियांत्रिकी डिझाइनची परदेशातली इंटर्नशिप, आणि ती ज्या व्हिसावर करता येते तो एक्स्चेंज व्हिसा. रायगडच्या किनाऱ्यावर त्याबद्दल कुतूहल खूप आहे, गैरसमज त्याहून जास्त, आणि त्या गैरसमजांवर पोट भरणारे लोकही आहेत.

नागाव अष्टागरातलं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत विहीर, विहिरीला लागून घर. आता बहुतेक घरांना दोन-चार खोल्या वाढवलेल्या दिसतात. 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाड्या घेऊन येऊ लागली आणि शनिवार-रविवारचा राबता वाढला. खोल्या भाड्यानं देऊन घर चालतं, मुलांची फी निघते. ही मुलं पेण, पनवेल, मुंबई किंवा लोणेरे गाठतात. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 चं. त्याच्यामुळे रायगडातल्या मुलाला जिल्ह्यातच अभियंता होता येऊ लागलं, हे या जिल्ह्यावर त्या विद्यापीठाचं मोठं ऋण आहे.

नागावातल्या अशाच एका घरी मी बसलो होतो. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांनी माझ्यापुढे एक रंगीत छापील पत्रक सरकवलं. वर अमेरिकेचा झेंडा, खाली ‘गॅरंटीड जे-1 इंटर्नशिप’.

“सर, लाखांत आकडा सांगितलाय त्यांनी. अर्धे आधी, अर्धे व्हिसा झाल्यावर. वाडीवर कर्ज काढायचं म्हणतोय. काढू का?”

“कंपनी कुठली?” मी विचारलं.

“ती नंतर सांगणार म्हणाले.”

मुलगी म्हणाली, “बाबा, मी तेच विचारते आहे ना तुम्हाला आठवडाभर. काम काय आहे तेच त्यात लिहिलेलं नाही.”

तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. या व्हिसाचा सगळा डोलारा ‘काम काय, शिकवणार कोण’ या एका प्रश्नावर उभा आहे.

जे-1 हा अमेरिकेचा देवाणघेवाणीचा व्हिसा. त्याचं मूळ 1961 च्या फुलब्राइट-हेज कायद्यात आहे. इतर देशांतल्या लोकांनी यावं, शिकावं, अमेरिकेची ओळख करून घ्यावी, आपली करून द्यावी आणि परत जावं, हा त्यामागचा हेतू. प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी, डॉक्टर असे त्यात बरेच वर्ग आहेत, त्यांतलाच एक इंटर्न. इंटर्न म्हणून जायला अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात शिकत असावं लागतं, किंवा पदवी मिळून बारा महिने उलटलेले नसावेत. मुदत जास्तीत जास्त बारा महिने. पदवीनंतर वर्षभर आपल्या देशात नोकरी केली असेल तर ट्रेनी हा वेगळा वर्ग आहे, त्याची मुदत अठरा महिन्यांपर्यंत जाते. इंटर्नची संधी हुकलेल्यांना ही दुसरी वाट असते, ही गोष्ट पत्रकवाले सहसा सांगत नाहीत.

या व्यवहारात पक्ष तीन. शिकणारा विद्यार्थी, शिकवणारी यजमान कंपनी आणि या दोघांच्या मध्ये स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली संस्था. कल्चरल व्हिस्टाज, सीआयईई ही त्यांतली जुनी नावं. स्पॉन्सर नोकरी देत नाही आणि सहसा पगारही देत नाही. विद्यार्थ्याची मुलाखत घेणं, त्याचं इंग्रजी तपासणं, कंपनी खरी आहे का ते पाहणं, विमा आहे याची खात्री करणं आणि मग डीएस-2019 नावाचा फॉर्म देणं, हे त्याचं काम. हा फॉर्म असल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाता येत नाही. कंपनी स्पॉन्सरला नवी असेल, आणि शिवाय तिच्याकडे पंचवीसपेक्षा कमी माणसं असतील किंवा तिची वर्षाची उलाढाल तीस लाख डॉलरच्या खाली असेल, तर स्पॉन्सरनं तिथं जाऊन जागा पाहावी असा नियम आहे. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडे इंटर्नला पाठवता येत नाही. अकुशल कामाला जुंपता येत नाही, आणि कारकुनी काम एकूण कामाच्या वीस टक्क्यांपलीकडे नेता येत नाही.

हे नियम समोर ठेवले की त्या रंगीत पत्रकाचं काय करायचं ते घरबसल्या कळतं. कंपनीचं नाव ठरल्याशिवाय, काय शिकवणार हे लिहून आल्याशिवाय कुठलाही मान्यताप्राप्त स्पॉन्सर फॉर्म देऊ शकत नाही. तेव्हा ‘व्हिसा आधी, कंपनी नंतर’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत, मग तो गावातला असो की ओळखीतला. त्या घरी मी हेच सांगितलं, आणि वाडीवर कर्ज काढू नका हेही सांगितलं.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो डीएस-7002, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. आम्ही तो लॅपटॉपवर उघडून ओळीनं वाचला. पहिल्या भागात विद्यार्थ्याची माहिती. मग कंपनीची: पत्ता, कर्मचारी किती, उलाढाल किती, आठवड्याचे तास किती, मानधन किती. इंटर्नशिप पूर्ण वेळाची हवी, आठवड्याला निदान बत्तीस तास. त्यानंतर सह्या, आणि मग खरा आराखडा, टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याचं नाव, सुरुवात, शेवट. त्या टप्प्यात इंटर्नची भूमिका काय. कोणती कौशल्यं, कोणतं तंत्र शिकायचं. कोण शिकवणार आणि त्याची पात्रता काय. कसं शिकवणार. शिकला की नाही हे कसं मोजणार. आणि देवाणघेवाणीचा व्हिसा म्हणून, अमेरिकी समाजाची ओळख व्हावी यासाठी काय योजना आहे.

‘कसं शिकवणार’ या रकान्यापाशी मुलगी थांबली. “हे आमच्या कॉलेजच्या इंटर्नशिपमध्ये कोणी विचारतच नाही,” ती म्हणाली. तिचं खरं आहे. आपल्याकडे इंटर्नशिप आता अभ्यासक्रमात आली, तिला गुण आले, पण पुष्कळ ठिकाणी ती प्रमाणपत्रापुरतीच उरते. मुलं कंपनीच्या दारातून आत जातात, हेल्मेट घालून फोटो काढतात आणि परत येतात. हा आराखडा मला हवासा वाटतो तो परदेशी आहे म्हणून नव्हे. शिकवणाऱ्यानं सही करून जबाबदारी घ्यावी असा आग्रह त्यात आहे. सहा महिन्यांपेक्षा मोठी इंटर्नशिप असेल तर मध्ये एकदा आणि शेवटी एकदा लेखी मूल्यमापन होतं, आणि त्यावर शिकणारा व शिकवणारा दोघांच्याही सह्या असतात.

आता कंपनी शोधायची कशी? इथं डिझाइनच्या विद्यार्थ्याचा फायदा असा की त्याचं काम दाखवता येतं. या मुलीनं घरच्या वाडीसाठी सुपारी सोलण्याचं छोटं यंत्र डिझाइन केलं होतं. दोन रोलर, त्यांच्यामधलं अंतर स्प्रिंगनं कमीजास्त होणारं, म्हणजे सुपारी लहान आली तरी पकडली जावी आणि मोठी आली तरी फुटू नये. त्यासाठी तिनं वाळलेल्या सुपाऱ्यांची टोपली घेऊन व्हर्नियर कॅलिपरनं एकेकीचा व्यास मोजला होता आणि तक्ता केला होता. पहिल्या रोलरला दाते खोल पडले, गर चिरला जाऊ लागला. दुसऱ्या आवृत्तीत तिनं दात्यांची खोली कमी केली. हे सगळं वहीत होतं, पण रेझ्युमेत मात्र एवढीच ओळ: ‘अरेकानट मशीन, टीम प्रोजेक्ट’. त्याऐवजी ‘नॉलेज ऑफ सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड’ ठळक अक्षरांत. सॉलिडवर्क्स सगळ्यांनाच येतं. दाते खोल पडले तेव्हा तू काय केलंस, हे वाचायला डिझाइन विभागाचा प्रमुख थांबतो. पोर्टफोलिओत हातानं काढलेलं पहिलं रेखाटन, फसलेला भाग, मोजमापांचा तक्ता आणि शेवटचं ड्रॉइंग हे चार कागद असले तर सुरुवातीला पुष्कळ झाले.

ड्रॉइंग पाठवण्याआधी एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. भारतात आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकतो, ब्यूरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सच्या एसपी 46 मध्ये तेच सांगितलं आहे. त्यात वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथं वरचं दृश्य वरच येतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचं लहानसं चिन्ह असतं, त्यावरून कुठली पद्धत ते कळतं. ते चिन्ह न पाहता वर्कशॉपनं भाग केला तर भोक उलट्या बाजूला पडतं आणि लोखंड वाया जातं. शिवाय तिथल्या कित्येक कारखान्यांत मापं अजून इंचात, तीही हजारांश इंचात. आणि टॉलरन्स लिहिण्याची रीत एएसएमई वाय14.5 या मानकाप्रमाणे. आपल्या अभ्यासक्रमात याचा परिचय असतो, सराव नसतो. आपलं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये, इंचांत आणि त्या मानकाप्रमाणे पुन्हा काढून पाठवणारा विद्यार्थी कंपनीचा पहिल्या महिन्याचा वेळ वाचवतो, आणि ते त्यांना लगेच कळतं.

कुठल्या कंपनीला लिहू नये हेही आधी कळलेलं बरं. आपल्या मुलांना विमानं, रॉकेटं, क्षेपणास्त्रं यांची मोठी ओढ. पण संरक्षणाशी संबंधित तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला, अगदी अमेरिकेतल्या ऑफिसात बसून दाखवणं हीसुद्धा निर्यात समजली जाते. आयटीएआर या नियमावलीखाली त्याला परवाना लागतो. त्यामुळे अशा कंपन्या अमेरिकी नागरिक, कायम रहिवासी, आश्रय मिळालेले निर्वासित यांनाच घेतात. तिथं अर्ज करून नकार आला की मुलं खचतात, आपणच कमी पडलो असं मानतात. त्यात त्यांचा काही दोष नसतो. खाद्यप्रक्रियेची यंत्रं, पॅकेजिंग, शेतीची अवजारं, पंप, वैद्यकीय उपकरणं, वातानुकूलन यांच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांची दारं त्या मानानं उघडी असतात. पोफळीच्या वाडीतून आलेल्या मुलीचं काम तिथं जास्त बोलतं. अमेरिकेत मराठी अभियंत्यांच्या दोन पिढ्या आहेत, 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. तिथल्या माणसाला ‘काका, नोकरी बघा’ असं लिहू नये. ‘तुमच्या विभागात माझं हे ड्रॉइंग कोणाला दाखवता येईल?’ असं विचारावं. या प्रश्नाला उत्तर देणं कोणालाही जड जात नाही.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. 1882 मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाले, तिथं पोचलेले ते पहिले भारतीय. टिळकांच्या ‘मराठा’नं त्या काळात या संस्थेची वाखाणणी केली होती. पुढे ईश्वरदास वार्ष्णेय एमआयटीतून काचेचं तंत्र शिकून आले आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाच्या काच कारखान्याशी जोडले गेले. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला तो कारखाना. परदेशात शिकलेल्या माणसाचं ज्ञान इथल्या भट्टीत उतरावं, अशी ती रचना होती.

किर्लोस्करांची गोष्ट तर ड्रॉइंगचीच आहे. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, तेव्हा रंग सुटले आणि यांत्रिक ड्रॉइंग हाती राहिलं. पुढे व्हीजेटीआयमध्ये त्यांनी तेच शिकवलं. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्यांनी थोरला मुलगा शंतनुराव याला एमआयटीत पाठवलं, ते 1926 ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन किर्लोस्करवाडीला परतले. अष्टागरातल्या विहिरींवरचे रहाट जाऊन पंप आले, त्यांतल्या कितीतरी पंपांवर पुढे त्याच घराचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर 1957 च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं भारतातल्या तरुण पोलाद अभियंत्यांना अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत प्रत्यक्ष शिकायला पाठवलं गेलं, आणि ते इथल्या नव्या सरकारी कारखान्यांत रुजू झाले. आजच्या इंटर्नशिपचे हेच थेट पूर्वज.

परत येण्याचा मुद्दा जे-1 व्हिसात कायद्यानंही होता. ज्यांचं कौशल्य मायदेशाला हवं आहे अशा क्षेत्रांची यादी अमेरिका ठेवते. त्या यादीत भारतातली अभियांत्रिकी होती, त्यामुळे पुष्कळ जे-1 धारकांना दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-1बी या नोकरीच्या व्हिसाकडे किंवा ग्रीन कार्डकडे वळता येत नसे. 9 डिसेंबर 2024 पासून नवी यादी लागू झाली आणि भारत त्यातून वगळला गेला. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र ही अट अजूनही लागू पडू शकते. मुलांना हा बदल सोयीचा आहे. माझं मत विचाराल तर, कायद्याची सक्ती गेली तरी परतण्याचा विचार सोडू नये. थळ-साळावच्या पट्ट्याला डिझाइन कळणाऱ्या माणसांची गरज आजही तेवढीच आहे.

खर्चाचं बोलायचं तर सेव्हिस या सरकारी नोंदणीचं शुल्क 220 डॉलर, व्हिसा अर्जाचं 2023 च्या जूनपासून 185 डॉलर. स्पॉन्सरचं शुल्क संस्थेगणिक वेगळं, ते कधी कंपनी भरते, कधी विद्यार्थी. विमा सक्तीचा, आणि तो आजारपण वा अपघातामागे किमान एक लाख डॉलरचा हवा. यांतला प्रत्येक आकडा त्या त्या संस्थेकडून लेखी मागता येतो. मध्यस्थाच्या आकड्याशी तो ताडून पाहावा.

2025 च्या मे महिन्यात एफ, एम आणि जे या तिन्ही व्हिसांच्या नव्या मुलाखती थांबवल्या गेल्या, जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याच्या अटीसह. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची तारीख मिळेना म्हणून कितीतरी मुलांचं वेळापत्रक कोलमडलं. म्हणून एकाच देशावर भिस्त ठेवू नये. जर्मनीत परदेशी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला चार सत्रं पूर्ण झाल्यावर अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिप बारा महिन्यांपर्यंत करता येते. तिथल्याच डाड या संस्थेची वाइज ही योजना विज्ञान-अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठीच आहे. कॅनडात मायटॅक्स या संस्थेची ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप आहे, बारा आठवड्यांची. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना 2023 मध्ये सुरू झाली: वर्षाला तीन हजार जागा, निवड सोडतीनं, वय अठरा ते तीस, खात्यात 2,530 पौंड दाखवावे लागतात, आणि तिला स्पॉन्सर लागतच नाही. 1948 मध्ये लंडनला स्थापन झालेली आयएस्टे ही संस्था तांत्रिक विद्यार्थ्यांची देशोदेशी अदलाबदल करते. लोणेऱ्यानं आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयानं या तारखा आणि अटी फलकावर लावणारा, मुलांची पत्रं वाचून दुरुस्त करून देणारा एक माणूस नेमायला हवा. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

नागावच्या मुलीनं रेझ्युमे बदलला, ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये पुन्हा काढलं आणि फळं-सुकामेवा हाताळणारी यंत्रं करणाऱ्या कंपन्यांना ते पाठवलं. एकीकडून उत्तर आलं. व्हिडिओवर बोलणं झालं, रोलरच्या दात्यांवरच बराच वेळ गेला. मग आराखड्याचा मसुदा आला, त्यात ‘कसं शिकवणार’ या रकान्यात एकच ओळ: ‘कामावर असताना’. तिनं तो परत पाठवला आणि विचारलं, माझी ड्रॉइंग्ज कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा?

वडील घाबरले. “परत पाठवलंस? आणि ते नको म्हणाले तर?”

“तर दुसरीकडे लिहीन, बाबा. एवढ्या लांब जायचं तर कोणाच्या हाताखाली ते कळायला नको?”

नवा मसुदा आला त्यात तीन टप्पे होते. पहिल्यात जुन्या यंत्रांची ड्रॉइंग्ज नव्या मानकात आणणं, दुसऱ्यात सोलण्याच्या रोलरची चाचणी, तिसऱ्यात एका भागाचं स्वतंत्र डिझाइन. शेजारी डिझाइन विभागातल्या ज्येष्ठ अभियंत्याचं नाव, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी ड्रॉइंगची तपासणी. स्पॉन्सरची मुलाखत झाली आहे, डीएस-2019 यायचा आहे, आणि वकिलातीची तारीख त्यानंतर घ्यायची आहे.